ओंडक्यावरचं पिवळं

कातारीबुवांना लाकूड ओळखता यायचं, हीच सगळी भानगड होती. डोळ्यांवर फडकं बांधून हातात तुकडा दिला तरी अंगठा फिरवून, एकदा हुंगून ते सांगायचे: हा साग, ही शिसव, आणि हे तुला साग म्हणून ज्याने विकलंय त्याच्या दुकानात पुन्हा जाऊ नकोस. यात ते कधी चुकले नाहीत. लेथवर लाकूड कातून खुर्च्यांचे पाय, जिन्यांचे गज आणि दारांच्या मुठी करण्यात त्यांची हयात गेली, आणि हयातभर लाकूड अचूक ओळखल्यामुळे त्यांचा असा समज होऊन बसला की जगातल्या बाकीच्या वस्तूही लाकडाच्याच असणार.

त्यामुळे 'माहीत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. रस्त्यात कुणी पत्ता विचारला की बुवा सांगणारच. त्यांनी दाखवलेल्या वाटेने गेलेली माणसं पुन्हा दिसायची नाहीत. त्यावरून ती नीट पोचली असणार असं ते धरून चालायचे. एका लग्नात त्यांनी एका गृहस्थाला बायकोचा चुलतमामा म्हणून ओळखलं, आग्रह करकरून जेवायला घातलं आणि हाताला धरून घरीच आणलं. तो मांडवात दिवे लावायला आलेला वायरमन होता. बिचारा भिडेपोटी दोन दिवस राहिला, आणि जाताना घरातला बंद पडलेला पंखा दुरुस्त करून गेला. तेव्हा बुवा बायकोला म्हणाले, बघ, रक्ताचं नातं असल्याशिवाय एवढं कुणी करतं का?

बायकोने पंखा चालू करून बघितला. ती एका शिवणाच्या दुकानात शर्टांना काजं करायची. दिवसभर एवढ्याएवढ्या भोकांभोवती दोरा फिरवणाऱ्या माणसाला दम धरावाच लागतो, आणि तिने तो घरीही धरला होता. बुवा बोलले की ती मान हलवायची आणि मग हळूच मुलीला फोन करून खरं काय ते विचारून घ्यायची. मुलगी परगावी एका रोपवाटिकेत कामाला होती.

मुलगी गेल्यावर घरात आला तो भुशा. लेथखाली साठलेल्या भुशात तो झोपायचा, म्हणून भुशा. पिल्लू असताना बुवांनी त्याला एकदाच उचलून बघितलं आणि छातीठोकपणे सांगितलं की ही मादी आहे, आणि मोठी होऊन वासराएवढी होणार. भुशा मादी नव्हता. तो वाढला, नाही असं नाही, पण फक्त लांबीने. आता तो गुडघ्याच्याही खाली राहणारा, दोन्ही टोकांना बरंच अंतर असलेला कुत्रा होता. वासराचं काय झालं, असं बायकोने एकदा विचारलं, तर बुवा म्हणाले, अजून वेळ आहे.

पण त्या कुत्र्यावाचून बुवांचं पान हलत नव्हतं. लेथच्या घरघरीत आयुष्य गेल्याने त्यांचे कान जवळजवळ कामातून गेले होते. गिऱ्हाईक दारात उभं राहून घसा फोडत असलं तरी बुवा आपले पाठ करून लाकूड कातत राहायचे. मग भुशा उठायचा, त्यांच्या पायजम्याचा काठ दातांत धरायचा आणि दाराच्या दिशेने ओढायचा. दुपारी घरात दुसरं कुणी नसे. बुवा लेथ बंद करून त्याला जगातल्या गोष्टी समजावून सांगायचे, आणि त्यांचं सगळं खरं मानणारा त्या घरात तेवढाच एक जीव होता.

घर मालकीणबाईंचं. त्या वर राहायच्या, खाली बुवांचं बिऱ्हाड आणि कारखाना, मागे सगळ्यांचं मिळून एक फरशीचं अंगण. याच अंगणात मागे एकदा शेवाळावरून बाईंचा पाय सटकला होता आणि मांडीचं हाड मोडून त्या कितीतरी महिने अंथरुणाला खिळल्या होत्या. तेव्हापासून हातात काठी आली आणि मनात धास्ती बसली. जे जे ओलं, बुळबुळीत आणि चिकट, ते ते बाईंच्या जिवावरचं संकट. भुशा आला तेव्हाच त्यांनी बजावलं होतं की अंगणात कुत्र्याने एकदा जरी घाण केली तरी त्याची रवानगी करायची. बुवांनी शब्द दिला होता. शब्द द्यायला बुवा कधीच मागेपुढे बघत नसत.

अंगणाच्या कोपऱ्यात, टाकीच्या गळक्या पाइपाखाली बुवांचा एक ओंडका पडून होता. त्याचं कधीतरी काहीतरी करायचं होतं. एका सकाळी बाई फिरायला खाली उतरल्या आणि काठी टेकून जागीच उभ्या राहिल्या. ओंडक्यावर काहीतरी पिवळं पसरलं होतं. हळदीहून भडक, बोटभर जाड, फेसाळ, वरून जरा दाणेदार, आणि कडेने लाकडावर ओघळल्यासारखं. बाईंनी हाक मारली. बायको हात पुसत आली, बुवा तोंडात ब्रश घेऊन आले. हे काय आहे, असं बाईंनी विचारलं.

बुवांनी ब्रश बाहेर काढला, एक नजर टाकली आणि म्हणाले, "कुत्र्याचं ओकणं."

बाईंनी काठी उचलून एक पाऊल मागे घेतलं. बुवांचे कान मंद असल्याने आपण काय बोललो ते त्यांच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. तेवढ्यात भुशा शेपूट हलवत बाहेर आला आणि आपल्याबद्दल काही चाललंय का ते सगळ्यांच्या तोंडाकडे बघू लागला. त्या बंद अंगणात कुत्रा तेवढा एकच होता.

बाई दुष्ट नव्हत्या. त्या म्हणाल्या, रविवारपर्यंत राहू द्या, घाईने कुठे पाठवू नका. वर असंही म्हणाल्या की बरं झालं तुम्हीच ओळखलंत. मी म्हटलं असतं तर तुम्ही वाद घातला असता. बुवांनी ब्रश पुन्हा तोंडात घातला. बायकोचा एक मावसभाऊ गावाबाहेर कोंबड्या पाळायचा. त्याला राखणीला कुत्रा हवाच होता. रविवारी सकाळी टेम्पो घेऊन येतो म्हणाला.

बाईंनी ते पिवळं फावड्याने खरवडून टाकायला लावलं. दुसऱ्या दिवशी ते ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा हजर, आणि आधीच्या दुप्पट. बाईंनी वरूनच बघितलं. बिचाऱ्याचं पोट फारच बिघडलंय म्हणाल्या, आणि भुशासाठी वाडगाभर मऊ भात खाली पाठवला. भुशाने तो चाटूनपुसून खाल्ला.

बायकोने मात्र बुवांना स्वयंपाकघरात गाठलं. रात्रभर भुशा खाटेखाली होता, दाराला आतून कडी होती, मग हे कसं झालं, असं तिने विचारलं. बुवा म्हणाले, त्याला कडी काढता येते. आणि परत आतून लावता येते? लावताही येते, बुवा म्हणाले. आपलं म्हणणं सोडण्यापेक्षा कुत्र्याच्या अंगी नवी कला चिकटवणं त्यांना सोपं गेलं.

बायकोने मान हलवली आणि त्या पिवळ्याचा फोटो काढून मुलीला पाठवला. लगेच फोन आला. मुलगी म्हणाली, हे ओकणं नाही. रोपवाटिकेत लाकडाच्या ओल्या चुऱ्यावर आमच्याकडेही येतं. बुरशीसारखं दिसतं, पण बुरशी नाही. झाड नाही, प्राणीही नाही. ओल्या, कुजत आलेल्या लाकडावर हा सगळा गोळा मिळून एकच जीव असतो, आणि बारीक जंतू खात तो हळूहळू सरपटत जातो. एक-दोन दिवसांत आपोआप वाळून भुरभुरीत होईल. कुणाला काही करत नाही.

बायकोने फोन स्पीकरवर टाकला होता; बुवांनी तो हातात घेतला. "सरपटतं? पाय कुठायत त्याला?"

"पाय नसतात, बाबा."

"डोळे?"

"डोळेही नाहीत."

"मग कुठे जायचं ते त्याला कळतं कसं?"

"ते मला माहीत नाही, बाबा."

पोरगी हे इतक्या सहज म्हणाली की बुवांना वाईटच वाटलं. एवढं शिकवलं, सवरलं, आणि त्याचं शेवटी हे झालं. त्यांनी फोन बायकोकडे दिला आणि म्हणाले, तिथली हवा तिला मानवत नाहीये.

पण मनात किडा वळवळायला लागला तो लागलाच. जेवण झाल्यावर बुवा कानामागची सुतारी पेन्सिल काढून अंगणात गेले, आणि त्या पिवळ्याच्या कडेकडेने ओंडक्यावर त्यांनी एक बारीक रेघ मारली. कामात डोळ्यांवर विसंबायचं नाही, आधी रेघ मारायची, ही त्यांची पहिल्यापासूनची शिस्त. मग समोर स्टूल टाकून ते बसले. बराच वेळ दोघंही एकमेकांकडे बघत होते. पिवळं जागचं हललं नाही. बुवाही हलले नाहीत. शेवटी चहाची वेळ झाली म्हणून ते आत गेले, आणि परत येऊन बघतात तर पिवळ्याची एक कड रेघ ओलांडून बोटभर पुढे.

आयुष्यात पहिल्यांदा बुवांना वाटलं की आपलीच रेघ चुकली असेल. त्यांनी नवीन कडेने दुसरी रेघ मारली, जरा दाबून. संध्याकाळपर्यंत ते दुसऱ्या रेघेच्याही पलीकडे गेलं होतं, आणि मागची जागा मोकळी करून गेलं होतं. भुशा त्या वेळी बुवांच्याच पायावर हनुवटी टेकून घोरत होता.

आता बुवांना कळलं होतं. पण कळणं निराळं आणि ते बोलून दाखवणं निराळं. नुसतं बाईंना जाऊन सांगायचं होतं की माझं चुकलं, ते ओकणं नव्हे. चार-पाच शब्दांचं काम. शनिवारी सकाळी ते जिना चढून वर गेले, बाईंनी दार उघडलं, आणि बुवा म्हणाले की तुमच्या कठड्याची मूठ सैल झालीय. मूठ घट्ट होती. दुपारी पुन्हा गेले आणि त्यांचं घड्याळ मागे असल्याचं सांगून आले. संध्याकाळी तिसऱ्यांदा निम्मा जिना चढले आणि तिथेच बसून राहिले. खाली भुशा पहिल्या पायरीवर उभा होता. पाय आखूड असल्याने त्याला जिना चढता येत नसे. तो नुसता वर बघत होता. बुवांना इतकं अपराधी यापूर्वी कधी वाटलं नव्हतं.

रविवारी टेम्पो अंगणाच्या दाराशी आला. निरोपाचं म्हणून बायकोने भुशाला दूध, पाव आणि दोन उकडलेली अंडी घातली होती, बाईंनी वरून पुन्हा वाडगाभर भात दिला होता, आणि भुशाने कुणालाच नाराज केलं नव्हतं. मावसभावाला परत जाऊन कोंबड्यांना दाणापाणी करायचं होतं, त्यामुळे तो घाईत होता. बाई काठी घेऊन खाली आल्या होत्या. त्यांचेही डोळे जरा ओलसर होते, पण अट ती अट.

बुवा कामाला लागले. आधी म्हणाले, रात्री दुसराच एक कुत्रा येतो, मी पाहिलाय. बाई म्हणाल्या, अंगणाला केवढी भिंत आहे. बुवा म्हणाले, म्हणूनच सांगतो, तो फार उंच कुत्रा आहे. हे कुणाला पटलं नाही. मग ते टेम्पोभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले की मागचा टायर वाटेत फुटणार, एका नजरेत दिसतंय. मावसभावाने टायरला लाथ मारून दाखवली. तो आठवड्यापूर्वीच बसवलेला होता. मग बुवांनी कोंबड्यांची बाजू घेतली. भुशा मूळचा शिकारी जातीचा आहे, तुझी एक कोंबडी उरणार नाही, असं त्यांनी बजावलं. मावसभावाने शिकारी जातीकडे बघितलं. शिकारी जात पोट फुगल्यामुळे भिंतीला टेकून उभी होती.

"चला भाऊजी, उशीर होतोय," मावसभाऊ म्हणाला आणि त्याने भुशाला उचलायला हात घातला. भुशा त्याच्या हातातून निसटला, तडक बुवांकडे आला, आणि त्याने त्यांच्या पायजम्याचा काठ दातांत धरून ओढायला सुरुवात केली. दाराकडे, टेम्पोकडे. परका माणूस आलाय, हाका मारतोय, तुम्हाला ऐकू येत नाहीये, एवढंच तो सांगत होता. आपल्याला न्यायला आलेल्या माणसाचीही वर्दी तो इमानाने देत होता.

बुवांच्याने ते बघवेना. "थांब रे," ते म्हणाले. "ते ओकणं नाही. माझं चुकलं."

बायको दारातून धावत आली आणि तिने बुवांच्या कपाळाला हात लावला. मावसभावाने विचारलं, भाऊजींना बरं वाटत नाहीये का? बाई हळूच पायरीवर टेकल्या.

"ओकणं नाही, मग काय आहे?" त्यांनी विचारलं.

बुवांनी सवयीने तोंड उघडलं. ओंडक्याकडे बघितलं, पायजम्याला लोंबणाऱ्या भुशाकडे बघितलं. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "पोरगी म्हणते ते जिवंत आहे, सरपटतं. मी रेघा मारून बघितलं, पुढे जातं हे खरं. कसं जातं, कशासाठी जातं, काही माहीत नाही. पण ते भुशाचं नाही, बाई. त्याला नेऊ नका."

एवढं बोलून त्यांना दम लागला. पण इतकी वर्षं लाकडाखेरीज जे सांगितलं ते छाती ठोकून सांगितलं आणि चुकीचं सांगितलं. आज पहिल्यांदा खरं बोलले, तर त्यावर विश्वास कुणी ठेवावा? बाई म्हणाल्या, हे तुम्ही कुत्र्याच्या मायेपोटी म्हणताय. उद्या म्हणाल ओंडकाच चालतो. खात्री काय याची?

खात्री भुशाने दिली. त्याने पायजमा सोडला, दोन पावलं मागे सरकला, सबंध लांबीभर एकदा आक्रसला, आणि बाईंच्या नुकत्याच पुसलेल्या पायरीवर, अगदी त्यांच्या चपलेशेजारी, खरोखरीचा ओकला.

सगळ्यांनी पायरीकडे बघितलं. मग ओंडक्याकडे. मग परत पायरीकडे. बाई काठीवर जोर देऊन उठल्या. त्यांनी वाकून आधी हे बघितलं, मग पलीकडे जाऊन ते बघितलं. ओंडक्यावरचं पिवळं एव्हाना वाळलं होतं आणि त्याच्यावर फिकट पापुद्रा धरला होता. बाईंनी काठीच्या टोकाने त्याला जरासं टोचलं, तर आतून तपकिरी भुकटी भुर्रकन उडाली. बाई दचकल्या, शिंकल्या, आणि पुन्हा पायरीशी आल्या.

"हे वेगळं आहे," त्या म्हणाल्या.

"यात भात दिसतोय," बायको म्हणाली.

"माझाच," बाई म्हणाल्या.

निर्दोष असल्याचा पुरावा म्हणून तोच गुन्हा सर्वांदेखत करणारा आरोपी आजवर झाला नसेल. आणि आता खरा पेच पडला. आधी भुशाने काही केलं नव्हतं आणि तो निघाला होता. आता त्याने केलं होतं. बुवा भुशाच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. मावसभाऊ भाबडा माणूस, त्याने सगळ्यांच्या वतीने विचारलं की मग आता नेऊ की नको?

बाईंनी काठीच्या टोकाने पायरीवरचं एक शीत बाजूला केलं.

"अट होती की कुत्र्याने घाण केली तर तो जाणार," त्या शेवटी म्हणाल्या. "पण भात मी घातला. म्हणजे यातली निम्मी घाण माझी. निम्म्या घाणीवर मी कुणाला घराबाहेर काढणार नाही. उरलेली निम्मी तुम्ही दोघं पुसा."

मावसभावाने रिकामा टेम्पो वळवला. बायकोने त्याच्या हातात उरलेली अंडी दिली; कोंबड्या पाळणाऱ्या माणसाला अंडी, पण घाईत तिच्या ते लक्षात आलं नाही, आणि त्यानेही घेतली. बुवांनी फडकं आणलं आणि गुडघ्यांवर बसून पायरी पुसली. बाईंनी त्यावर बादलीने पाणी ओतलं, मग फरशी ओली झाली म्हणून घाबरल्या, मग बुवांच्या खांद्याचा आधार घेऊन कोरड्या जागी गेल्या. पुसता पुसता बुवांना जाणवलं की आपल्याला फार हलकं वाटतंय. इतकं की त्यांनी मान्य केलेल्या निम्म्यापेक्षा बरंच जास्त पुसून काढलं.

त्या संध्याकाळी त्यांनी आपणहून मुलीला फोन लावला. एरवी फोन बायको लावायची आणि बुवा शेवटी मिनिटभरासाठी घ्यायचे. मुलगी हॅलो म्हणाली की ते म्हणायचे, आवाजावरून ओळखलं, मजेत आहेस, चांगलं आहे, आणि फोन परत बायकोच्या हातात द्यायचे. आजही मुलगी हॅलो म्हणाली. बुवांनी फोन बायकोकडे दिला नाही.

"कशी आहेस तू?" त्यांनी विचारलं. "मला खरंच माहीत नाही."

बाबाच बोलताय ना, असं मुलीने आधी विचारून घेतलं. मग मुलगी बोलायला लागली, आणि बोलतच राहिली. बुवांनी फोन कानावर घट्ट दाबून धरला होता. तरी त्यांना अर्धंमुर्धंच ऐकू येत होतं, आणि जिथे ऐकू येत नव्हतं तिथे ते म्हणत होते, "पुन्हा सांग."